तुम्ही विचारलंत म्हणून: आधी समुद्र की आधी डोंगर?

"आठवडाभराची सुट्टी आहे. समुद्र आहे, मागे लगेच डोंगर आहेत. चालायचंय, कयाक चालवायचीय, जमलं तर स्कूबाही करायचंय. कसं बसवू?" हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. विचारणाऱ्याकडे ठिकाणांची यादी बहुधा तयार असते आणि ती चांगलीही असते. गडबड होते ती क्रमात. त्याच गोष्टी चुकीच्या क्रमाने लावल्या, तर तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

कागदावर सगळ्यात आधी भरती-ओहोटीच्या वेळा उतरवा. बाकीचं सगळं मागेपुढे करता येतं, हे येत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असेल, तर गुरुवारी ती साडेनऊच्या आसपास येते, आणि पुढच्या सोमवारी सकाळी सातला जवळजवळ पूर्ण भरती असते. कड्याच्या पायथ्याने वाळूवरून जाणारी वाट आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी मोकळी असेल, तर शेवटी त्याच वेळी ती पाण्याखाली असणार. तक्ता बघताना तो कोणत्या वेळेत छापलाय तेही पाहा. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि छापील तक्त्यात तो तास धरलेला नसतो. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर मात्र पाण्याचा चढउतार इतका थोडा, की ही कटकट जवळपास नाहीच.

पाणी एका वेगाने चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. ठोकताळा असा: ओहोटी ते भरती या साधारण सहा तासांत एकूण फरकाचे बारा हिस्से धरले, तर दर तासाला अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से पाणी चढतं. फरक ३.६ मीटर असेल, तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, आणि तिसऱ्या-चौथ्यात ९०-९०. फसगत होते ती पहिल्या तासात. पाणी जागचं हललंय असं वाटतच नाही, मंडळी फोटो काढत रेंगाळतात, आणि पुढच्या दोन तासांत दीड मीटर पाणी चढून परतीचं टोक बुडतं. म्हणून अशी वाट पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी, पाणी अजून उतरत असतानाच धरायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा वाळू जास्त उघडी पडते खरी, पण पाणी परततंही तितक्याच जोरात. नवख्यांनी अष्टमीच्या मागेपुढे, भांगाच्या दिवसांत (तेव्हा भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो) जावं.

कयाकचं वेळापत्रक वारा ठरवतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि खारे वारे सुरू होतात. दुपारी त्यांचा जोर सगळ्यात जास्त. म्हणून कयाक सकाळी. पण पहाटेचे मतलई वारे उलटे, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, आणि मागे डोंगर असेल तर दरीतून चांगलाच झोत येतो. काठाशी पाणी आरशासारखं सपाट दिसतं, कारण लाट उठायला तिथे वाऱ्याला अंतरच मिळत नाही. दोनशे मीटर आत गेल्यावर कळतं की आपण ढकलले जातोय. नवखा माणूस ताशी चार-पाच किलोमीटरच वल्हवतो, तेही ताजा असताना. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो, आणि किनारा सोडायचा नाही. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला, तर वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलाय. त्या दिवशी कयाक काठावरच राहू द्या.

आता डोंगर. किनाऱ्यालगतच्या डोंगराची उंची आकड्यात छोटी वाटते, पण सुरुवात शून्यापासून होते. ९०० मीटरचं शिखर म्हणजे पूर्ण ९०० मीटर चढ. उंच पठारावरून निघून १,८०० मीटरचं शिखर गाठणाऱ्याला कदाचित याच्या निम्माच चढ पडतो. वेळ काढायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथने १८९२ मध्ये दिलेला हिशोब अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. १४ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे पावणेतीन तास अधिक दीड तास, सव्वाचार तास. यात विश्रांती नाही, पाणी पिणं नाही, वाट शोधणं नाही. मिश्र गटासाठी आम्ही याची दीडपट धरतो, साडेसहा तास. समुद्रावरची दमट हवा वर चढून थंड होते आणि दुपारपर्यंत माथ्यावर ढग बसतो, तेव्हा माथा अकराच्या आत गाठायचा अशा बेताने निघा.

किनाऱ्याची पायवाट सोपी, हाही एक गैरसमज. दर ओढ्याला वाट समुद्रापर्यंत उतरते आणि पुन्हा कड्यावर चढते. नकाशावर सर्वांत उंच जागा शंभर मीटरची असली, तरी दिवसाची एकूण चढाई आठशेवर जाऊ शकते.

मग क्रम कसा? पहिला दिवस छोट्या वाटेचा, दुसरा मोठ्या डोंगराचा, तिसरा कयाकचा. मोठ्या डोंगराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उतार नको. मांड्या भरून येतात त्या चढण्याने कमी, उतरण्याने जास्त, आणि ते दुखणं एक ते तीन दिवसांत कळसाला पोचतं. त्या दिवशी पोहा, स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणं) करा, हातांचं काम करा.

स्कूबा असेल, तर ते डोंगराच्या नंतर. हे आम्ही हट्टाने सांगतो. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. डाइव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेचा सल्ला आहे की साध्या एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, आणि अनेक डाइव्ह किंवा लागोपाठचे दिवस असतील तर १८ तास. लोक विमानाचं लक्षात ठेवतात, घाट विसरतात. विमानाचा हा सल्ला सुमारे ६०० मीटर उंचीइतक्या दाबापासून लागू होतो. सकाळी डाइव्ह आणि दुपारी गाडीने हजार मीटरच्या खिंडीतून पलीकडच्या मुक्कामी, हा बेत म्हणूनच चुकीचा. गाडीत बसून जायचंय, श्रम नाहीत, ही सबब इथे चालत नाही. नुसत्या स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही, कारण त्यात दाबाखालची हवा श्वासात जात नाही.

पायांची काळजी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त सुट्ट्या बिघडवणारा मुद्दा. समुद्रात भिजलेले बूट डोंगरावर घालू नका, दोन जोड न्या. मीठ सुकलं की त्याचे खडे बनतात, वाळूचे कण मोज्यात अडकतात आणि दोन तासांत टाच सोलते. किनाऱ्यावरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या मध्ये कोरडे करा, मगच मोजे घाला.

राखीव दिवस लोक शेवटी ठेवतात. तो मध्ये ठेवा. शेवटचा दिवस राखीव असेल, तर मंगळवारी धुकं आलं तरी डोंगर मंगळवारीच उरकावा लागतो. राखीव दिवस गुरुवारी असेल, तर मंगळवार आणि गुरुवारची अदलाबदल करता येते. स्कूबा शुक्रवारी सकाळी आटपलं, की शनिवारच्या विमानाआधीचे १८ तासही आपोआप मिळतात.