एकशिपीतून उरलेल्या शिंप्या आणि माझे रंग

परवा रविवारी आमच्याकडे तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या छोट्या शिंपल्यांची, एकशिपी झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एकशिपीत तिसऱ्या कच्च्याच विळीवर उघडतात, मांस सगळं एका शिंपीत ठेवतात आणि दुसरी रिकामी शिंपी टाकून देतात. आधी आई त्या रिकाम्या शिंप्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायची, आता माझ्यासाठी एका जुन्या डब्यात काढून ठेवते कारण मी त्या रंगवते. किनाऱ्यावरून उचलण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, आणि शंख तर मी उचलतच नाही, रिकामा दिसला तरी आत कधी कधी खेकडा राहत असतो, तेच त्याचं घर.

आधी साफसफाई. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायच्या, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायच्या आणि दोन दिवस सावलीत वाळवायच्या. दोन शिंप्या जोडणाऱ्या सांध्यापाशी काळपट तपकिरी चिवट पट्टीचा तुकडा राहिलेला असतो, तो वाळला की कडक होतो आणि नखाने निघतो. वास जावा म्हणून व्हिनेगरमध्ये मात्र अजिबात ठेवू नका प्लीज. शिंपी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कोकणात शिंपल्या भाजूनच तर चुना करायचे, व्हिनेगरमध्ये टाकली की बुडबुडे येतात आणि ती विरघळायला लागते. मी एकदा ठेवल्या होत्या, वास गेला पण वरच्या बारीक रेघाही गेल्या, फार वाईट वाटलं होतं.

कारण सगळी मजा त्या रेघांतच आहे. ब्रश हातात घ्यायच्या आधी शिंपी खिडकीपाशी नेऊन जरा तिरकी धरून बघा. सांध्याजवळचं फुगीर टोक हा तिचा सगळ्यात जुना भाग, जीव एवढासा असतानाचा, तिथून तो जसजसा वाढला तसतशी एकेक रेघ बाहेर सरकत गेली आणि कडेची रेघ सगळ्यात नवी. फुलं, मासे, गणपती काढायच्या आधी एक तरी शिंपी या रेघांच्या मागे मागे जाऊन रंगवून बघा.

मी ॲक्रिलिक वापरते. पांढऱ्याचा एकच पातळ हात द्यायचा, जाड दिला तर खाचा बुजतात. तो पूर्ण वाळला की टोकाला गडद जांभळा, मग गुलाबी, मग नारिंगी आणि कडेला पिवळा. जांभळ्याला पिवळा थेट भिडवला तर मळकट होतो, म्हणून मधे गुलाबी आणि नारिंगी हवेतच. चारही पट्टे एकदम लावू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक बघता बघता वाळतं, दोन शेजारचे पट्टे लावायचे आणि ते ओले आहेत तोवर ब्रशला पाण्याचा अगदी एक थेंब घेऊन मधली सीमा हलकेच पुसायची, ब्रश मात्र रेघांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा गेला की लगेच दिसतं.

माझी सगळ्यात आवडती स्टेप शेवटची. ब्रशला सोनेरी रंग घ्यायचा आणि जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा, ब्रश कोरडाच वाटला पाहिजे, मग तो शिंपीवरून नुसता फिरवायचा. सोनं फक्त उंचवट्यांवर बसतं, खाचांत खालचा जांभळा-गुलाबी तसाच राहतो, आणि इतका वेळ रंगाखाली झाकलेल्या रेघा एकेक करून वर येतात! अंगावर काटा येतो खरंच.

आतली बाजू मी रंगवत नाही. तिथं दोन गोलसर डाग दिसतात, शिंपल्या घट्ट मिटून धरणारे स्नायू तिथे चिकटलेले असतात. एवढी ताकद त्या छोट्याशा जिवाची, ती खूण झाकाविशी वाटत नाही.

एक दिवस जाऊ द्या, मग मॅट वॉर्निशचे दोन हात, पहिला नीट वाळल्याशिवाय दुसरा नाही.

यावेळी सात झाल्या, टेबलावर वाळतायत. आठवीवर मात्र मूळचीच तपकिरी नागमोडी नक्षी होती, अगदी कडेपर्यंत गेलेली. पांढरा रंग घेऊन बसले पण हात पुढे जाईना. तिला नुसतं वॉर्निश मारलंय.