सीदपासून गाल्दोसपर्यंत: स्पॅनिश वाचन कुठवर आलं

मागच्या नोंदीत मी स्पॅनिश साहित्याच्या सुवर्णयुगाच्या (सोळावं-सतरावं शतक) उंबरठ्यावर होते. आता एकोणिसावं शतक सरत आलंय. कादंबरीकार गाल्दोसची ‘मिसेरिकोर्दिया’ (१८९७) नुकतीच हातावेगळी केली.

दरम्यान वाचनाच्या वहीची आखणी बदलली. मध्ययुग, प्रबोधन, बरोक (सतराव्या शतकाची आलंकारिक शैली), रोमँटिक असे रकाने पाडले होते, पण त्यात पुस्तकं नुसती साठत गेली, एकमेकांशी बोलेनात. म्हणून आता प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारते: इथे कोण काय खातं आणि पैसे कुठून येतात? स्पॅनिश साहित्य या प्रश्नाला फार मोकळेपणाने उत्तर देतं.

सुरुवात सीद या योद्ध्यावरच्या मध्ययुगीन वीरकाव्यापासूनच होते. राजाने हद्दपार केलेला हा वीर बुर्गोसला पोचतो, तेव्हा त्याच्याकडे शिबंदीला पोसायला दमडी नसते. मग दोन पेटाऱ्यांत वाळू भरून, सोनं आहे असं भासवून, तो ते सावकारांकडे सहाशे मार्कांना गहाण टाकतो. फ्रेंच रोलाँच्या काव्यात मरत्या वीराचा आत्मा न्यायला देवदूत उतरतात. इथे नायकाला आधी पगाराची तजवीज करावी लागते. मला सीद जास्त जवळचा वाटतो.

‘कोंदे लुकानोर’ हा कथासंग्रह (१३३५) वाचताना तर घरी आल्यासारखं झालं. डोक्यावर मधाचं मडकं घेऊन बाजाराला निघालेली दोन्या त्रुआना मनात कोंबड्या, मेंढ्या, सुना-जावई रचत जाते आणि मडकं फोडते. ही आपल्या पंचतंत्रातल्या सातूच्या मडक्याची गोष्ट! पंचतंत्र पहलवीतून अरबीत गेलं आणि अरबीतून १२५१ मध्ये ‘कालिला ए दिम्ना’ म्हणून कास्तीलियन म्हणजे स्पॅनिश भाषेत आलं. ते करवून घेणारा आल्फोन्सो पुढच्याच वर्षी राजा झाला, आणि ‘लुकानोर’चा कर्ता दोन हुआन मानुएल हा त्याचा पुतण्या.

त्याच पुस्तकात आणखी एक छोटी कथा आहे. कंगाल झालेला माणूस रडत रडत कडू शेंगांचे दाणे खातो आणि मागे वळून पाहतो, तर त्याने टाकलेली टरफलं दुसराच कुणी वेचून खातोय. तीनशे वर्षांनी कालदेरोनच्या ‘ला विदा एस सुएन्यो’ नाटकात रोसाउरा हीच गोष्ट सांगते. फक्त शेंगांऐवजी पाला असतो. बरोक नाटकाच्या सगळ्या झगमगाटात मला तेवढ्या ओळी पुरल्या.

‘सेलेस्तिना’ (१४९९) पुन्हा सावकाश वाचणार आहे. त्यात सोन्याच्या साखळीच्या वाटणीवरून नोकर सेलेस्तिना या कुट्टिणीचा खून करतात, हे वहीसाठी टिपून ठेवलंय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘लाझारियो’त (१५५४), म्हणजे एकामागून एक मालक बदलणाऱ्या गरीब पोराच्या गोष्टीत. पुस्तक चिमुकलं, लेखक निनावी, आणि इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या १५५९ च्या बंदी-यादीत त्याचं नाव. त्याची एक प्रत १९९२ मध्ये बार्काररोता गावातल्या घराच्या भिंतीत चिणलेली सापडली, यावरून तेव्हाची भीती कळते. आंधळा मालक दारूच्या सुरईला हात लावू देत नाही. पाद्री चार दिवसांना एक कांदा देतो आणि पाव पेटीत कुलूपबंद ठेवतो. तिसरा मालक तोलेदोत भेटलेला कनिष्ठ सरदार. तलवार झकास, घरात अन्नाचा कण नाही, तरी दारात उभा राहून काडीने दात कोरतो, जेवल्याचं जगाला दिसावं म्हणून. शेवटी पोरगाच भीक मागून आणतो आणि मालकाला जेवू घालतो, तेही त्याची अब्रू सांभाळत.

आता ‘मिसेरिकोर्दिया’ घ्या. मोलकरीण बेनिना माद्रिदच्या चर्चच्या दारात भीक मागते आणि एकेकाळच्या श्रीमंत मालकिणीला पोसते. वर ‘एका पाद्र्याकडे कामाला जाते’ अशी थाप मारते. मध्ये साडेतीनशे वर्षं गेली, पण मालक आणि नोकर तेच! फरक इतकाच की लाझारियो स्वतःची गोष्ट सांगताना हसतो, गाल्दोसला हसू येत नाही. वास्तववाद फ्रान्सहून आला असं पाठ्यपुस्तकी उत्तर मला यापुढे अपुरं वाटेल.

‘दोन किहोते’बद्दल (म्हणजे डॉन क्विक्झोट, १६०५ आणि १६१५) इथे सगळ्यांनीच लिहिलंय, म्हणून एवढंच. पहिल्याच परिच्छेदात सर्व्हांतेस नायकाचा आठवड्याचा जेवणाचा तक्ता देतो: मटणापेक्षा गोमांस जास्त, शुक्रवारी मसूर, रविवारी जोडीला कबुतर, आणि यातच उत्पन्नाचे चारातले तीन भाग खर्च. त्याचा सेवक सांचो राज्यपाल होतो तेव्हा समोर पक्वान्नं असतात, पण वैद्य छडी हलवून एकेक ताट परत पाठवतो. उपाशी राहण्याचा हा प्रकार लाझारियोलासुद्धा सुचला नसता.

लाझारियो या भुकेल्या पोराचे साहित्यातले वंशज स्पेनबाहेरही भेटतात: जर्मनीत ‘सिम्प्लिसिसिमुस’, फ्रान्समध्ये ‘जिल ब्ला’, इंग्लंडमध्ये ‘मॉल फ्लँडर्स’. तिन्ही यादीत आहेत, वाचून व्हायचेत.

अठरावं शतक मी भरभर उरकलं. उपदेश फार, स्वयंपाकघर बंद. तोर्रेस व्हियारोएलचं आत्मचरित्र मात्र चाळताना रंगतदार वाटलं. ते नीट वाचायचंय. त्यानंतर थेट विसाव्या शतकातल्या सेलाची ‘ला कोल्मेना’ घेते. यादवी युद्धानंतरचं माद्रिद, कॉफीचे पैसे नसलेली माणसं, आणि सेन्सॉरमुळे १९५१ मध्ये बुएनोस आइरेसला छापावी लागलेली कादंबरी. मूळ स्पॅनिशमधून कुणी वाचली असेल तर सांगा, इतकी पात्रं लक्षात कशी ठेवलीत? मी पहिल्याच प्रकरणात कागदावर नावं लिहायला बसले आहे.