पहिल्याच उसळीला वर का गेलो नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि पुन्हा सांगणार नाही. कुणाला खरचटलंही नाही हे कळलं की प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "उतरताना विमान पहिल्यांदा उसळलं तेव्हाच फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद देऊन परत वर का नाही गेलात?"

विचारणारे बहुतेक स्वतः उडवणारे, म्हणून गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाणं, कसा करतात ते सांगत नाही. मलाही तो तोंडपाठ होता.

सेस्ना १७२, छोटं विमान. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरत येताना, वेग हवा होता ६५ नॉट, होता ७५. वाऱ्याचे झोत होते म्हणून जास्त ठेवला, असं मी जबाबात लिहिलं. खोटं नाही, पण अर्धंच. मुळात मी उंच होतो. नाक खाली घालून उंची घालवली आणि वेग गळ्यात पडला. दहा नॉट किरकोळ वाटतात, पण हिशेब वेगाच्या वर्गाचा: ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने जास्त. विमान टेकेचना. पांढरे पट्टे खालून सरकत राहिले आणि मी योक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, जरासा पुढे दाबला. मागच्या चाकांऐवजी नोजव्हील, नाकाखालचं चाक, आधी लागलं.

उसळलो. नाक वर गेलं, मी दाबलं. पण माझा हात पोचेस्तोवर ते आपणच खाली येत होतं, त्यामुळे दुसरा दणका मोठा. तिसऱ्याला नोजव्हीलचा पाय मोडला आणि प्रोपेलर डांबरावर घासला. इंजिन थांबल्यावर पाहिलं, पात्यांची टोकं केळीच्या सालीसारखी मागे वळली होती. उजवा हात थ्रॉटलवरच होता. मागे ओढून धरलेला, म्हणजे ताकद काढून घेतलेली.

सगळं मिळून पाचेक सेकंद. शिवाय पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली, कमी वेग आणि अचानक फुल पॉवर, यात नाक उचलून स्टॉल झालेले, म्हणजे पंखांची उचल जाऊन पडलेलेही आहेत. हे खरंच आहे. फक्त त्या वेळी हे माझ्या डोक्यात नव्हतं. रात्री अंथरुणात सुचलं. त्या वेळी डोक्यात होता शेजारचा मित्र. त्याला मी म्हणालो होतो, "बघ, कळणारही नाही कधी टेकलो ते."

शिकत असताना असाच एक जण आपटला, तेव्हा हसणाऱ्यांत मी होतो. "थ्रॉटल ढकलायला किती वेळ लागतो?" हे माझंच वाक्य. तेव्हाच्या त्या हसणाऱ्या पोराला, म्हणजे मलाच, आज उत्तर द्यायला बसलो की तोच बरोबर वाटतो, आणि तरी त्याचा राग येतो.

आता जरा कुठे उसळी आली की मी वर जातो. परवा प्रशिक्षक म्हणाले, "अहो, ही उसळी नव्हती, टेकलं होतं विमान." तोवर आम्ही धावपट्टीच्या बऱ्याच वर होतो.