कारणाचा रकाना

रुग्णालयातल्या फाइलची प्रत मागण्याच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता: 'प्रत हवी असण्याचे कारण'. पुढे चार चौकटी. विमा दावा, न्यायालयीन काम, पुढील उपचार, इतर. 'पुढील उपचार'वर पेन उगाचच थोडा वेळ थांबलं. मग मी 'इतर'वर खूण केली आणि शेजारच्या रेघेवर लिहिलं, आठवण. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत सरकवला. "मॅडम, हे कारण होत नाही."

याला आता दोन वर्षं होतील, पण राग गेलेला नाही. आणखी कुणा आईबापाला ही वाट चालावी लागली तर त्यांचे एकदोन हेलपाटे तरी वाचावेत, म्हणून लिहिते आहे.

माझा मुलगा आठ वर्षांचा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, घरात ते रोज घेतलं जातं. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो आणि बरा होण्याचं प्रमाणही चांगलं असतं. जिथे सगळी साधनं आहेत त्या देशांत दहांतली नऊच्या आसपास मुलं यातून बाहेर येतात. हा आकडा आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता आणि आम्ही तो गच्च धरून ठेवला होता. पहिल्या महिन्याच्या औषधांनी आजार मागे हटला, चौदाव्या महिन्यात परत आला. त्यानंतरचं काही लिहीत नाही.

तो गेल्यावर घरातल्या वस्तू जपायच्या, एवढं मला लगेच कळत होतं. रुग्णालयातली फाइल सुचली ती चार महिन्यांनी. त्या दीड वर्षातले किती दिवस तो घरी होता आणि किती वॉर्डात, ते मोजायला बसले तर वॉर्डातले दिवस जास्त भरले. आणि त्या दिवसांचे माझ्याकडे फोटो नव्हते. केस गेल्यावर त्याने फोटो काढू दिले नाहीत, मीही हट्ट धरला नाही. (तुम्ही अजून त्या वॉर्डात असाल आणि मूल नको म्हणत असेल, तर हातांचा काढा. हाताला कुणी नको म्हणत नाही.)

रात्रपाळीच्या सिस्टर मात्र सगळं लिहायच्या. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या पॅडवर दर दोनतीन तासांनी काही ना काही पडायचं. एकदा मी वाकून पाहिलं होतं: 'मूल आनंदी, बडबड चालू.' आठवलं ते हेच वाक्य. मला ती पानं हवी होती.

पहिल्या खेपेला मला दोन पानी सारांश मिळाला. निदान, दिलेली औषधं, मृत्यूचं कारण, सही, शिक्का. तुम्ही नुसतं 'फाइलची प्रत द्या' म्हणालात तर बहुतेक हेच हातात पडेल. पूर्ण केस पेपर मागा, आणि त्यात काय काय हवं ते नावानिशी लिहा: नर्सिंग नोट्स, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, औषधांचा तक्ता, तापाचा आणि वजन-उंचीचा तक्ता. प्रत्येक भरतीचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे सगळ्या भरत्यांच्या तारखा बरोबर न्या. आमच्या तेरा होत्या. मी सांगितल्या अकरा, आणि त्या दोन राहिलेल्यांसाठी पुन्हा गेले.

दुसऱ्या खेपेला तो रकाना आला. 'आठवण' चालत नाही म्हटल्यावर मी विचारलं, मग काय चालतं? तो म्हणाला, कोर्टाचं असेल तर तसं लिहा. मी म्हणाले, कोर्टाचं नाही. मग विमा? विमाही नाही. आता त्याचा चेहरा बदलला. मूल गेलेलं, आई सगळी फाइल मागते आणि कारण सांगत नाही, म्हणजे ही तक्रार करणार. त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि मला कायदा विभागाकडे धाडलं. तिथे एक बाई होत्या, बोलायला मऊ. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्याविरुद्ध काही तक्रार नाही आणि पुढेही करणार नाही, एवढं एका कागदावर लिहून द्या, लगेच मिळेल."

मी दिलं नाही. तक्रार खरोखरच नव्हती, तिथल्या लोकांनी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. पण माझ्या मुलाचं लिहिलेलं वाचायला मिळावं म्हणून मी कसली हमी द्यायची? नवरा म्हणाला, दे ना लिहून, काय फरक पडतो. आम्ही त्या रात्री भांडलो. मुलगा गेल्यानंतरचं ते आमचं पहिलं भांडण, आणि खरं सांगते, बरं वाटलं. त्याआधीचे चार महिने आम्ही एकमेकांशी काचेच्या भांड्यासारखं वागत होतो.

तिसऱ्या खेपेला नावाचा घोळ. मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या नावातली एक वेलांटी पहिली होती, रुग्णालयाच्या फाइलीत दुसरी. दोन्ही कागद त्याच मुलाचे आहेत हे सिद्ध करा. खिडकीसमोर उभी राहून मी त्या वेलांटीकडे बघत राहिले आणि हसूच आलं. जन्मल्यावर नाव ठरवताना आम्ही याच वेलांटीवरून वाद घातला होता. दाखला हातात येईल त्याच दिवशी अक्षर न अक्षर तपासा, त्या दिवशी डोळ्यांना काही दिसत नसलं तरी दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा. प्रतीही जास्त काढून ठेवा. प्रतिज्ञापत्र, माझं ओळखपत्र, मी त्याची आई असल्याचा पुरावा. तो शेवटचा कागद खिडकीतून आत देताना काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

आणखी एक, मध्येच आठवलं म्हणून: अशा फाइली कायम ठेवत नाहीत. प्रत्येक ठिकाणची मुदत ठरलेली असते आणि ती संपली की कागद नष्ट करतात. वाचायची हिंमत नसेल तर वाचू नका, पण मुदत आधी विचारा आणि प्रत काढून कपाटात टाका. वाचणं दहा वर्षांनीही होईल.

चौथ्या खेपेला खिडकीत वेगळी मुलगी होती. तिने अर्ज पाहिला आणि म्हणाली, "तुम्ही 'वैयक्तिक संग्रहासाठी' असं का नाही लिहीत? त्यावर कुणी काही विचारत नाही." बस, एवढंच. पाच आठवडे, एक भांडण, एक प्रतिज्ञापत्र, आणि गुपित काय तर दोन शब्द. मी 'आठवण' खोडलं नाही. त्याच्या शेजारी 'म्हणजे वैयक्तिक संग्रहासाठी' असं जोडलं. तिने शिक्का मारला.

चारशे बारा पानं. पिशवी गाडीत पायाशी ठेवली तर चैन पडेना, मांडीवर घेतली.

त्यातली निम्मी पानं आकड्यांची आहेत. ताप, नाडी, प्लेटलेट, आत गेलेलं पाणी, बाहेर आलेलं पाणी. पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. केमोच्या बऱ्याच औषधांचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरवतात, आणि ते काढायला उंची आणि वजन दोन्ही लागतात. म्हणून डोस ठरवताना त्याची उंची मोजलेली होती. घरी दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या रेघा होत्या त्या आजार सुरू झाल्यावर थांबल्या होत्या, कारण कुणाला सुचतच नव्हतं. पुढच्या रेघा फाइलीत होत्या. एका रविवारी नवऱ्याने टेप घेतली, मी आकडे वाचले, आणि तो पेन्सिलीने चौकटीवर तारखा घालत गेला. मधले काही महिने रेघ हललीच नाही. शेवटी पुन्हा अर्धा सेंटीमीटर. धाकटी आता तिथेच उभी राहून स्वतःची उंची मोजते.

मग नोंदी. तारेसारखी भाषा, अर्धी अक्षरं न लागणारी. आणि त्यात एका पहाटेची ही: '२.४० मूल जागे. गोष्ट अर्धी राहिली म्हणून सुई लावू देत नाही. गोष्ट पूर्ण केली. सुई लावली. आई झोपलेली, उठवले नाही.'

मला हे माहीत नव्हतं. मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर झोपले होते. त्याच्या आयुष्यातलं जेवढं माझं होतं तेवढं सगळं मी मोजून, लावून ठेवलं होतं आणि त्यात आता भर पडायची नाही असं धरून चालले होते. तो गेल्यावर पाच महिन्यांनी मला त्याच्याबद्दल काहीतरी नवीन कळलं. तेही किती त्याचंच! सुईला नाही म्हणाला नाही, आधी गोष्ट संपवा म्हणाला.

त्यानंतर मी लोकांना विचारत सुटले. 'त्याची एखादी आठवण सांगा' असं विचारू नका, लोक घाबरतात आणि 'फार गोड होता' म्हणून मोकळे होतात. बारीक विचारा. त्याच्या मित्राला मी विचारलं, तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं? त्याने वीस मिनिटं सांगितलं. मी फोनवर रेकॉर्ड केलं, विचारून.

कागद जपण्याबद्दल थोडं, कारण यात मी चुकले आहे. पहिल्याच आठवड्यात मी त्याचं एक चित्र लॅमिनेट करून आणलं. करू नका. गरम प्लास्टिक कागदाला चिकटतं ते पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही नको, पिवळी पडते आणि डाग सोडते. स्केचपेनचे रंग उजेडात उडतात, त्यामुळे मूळ चित्र अंधारात आणि भिंतीवर त्याची रंगीत प्रत. थर्मल कागदावरचे छाप, म्हणजे सोनोग्राफीचे किंवा मॉनिटरच्या पट्ट्यांचे, आपोआप फिके होतात, ते आधी स्कॅन करा. नातेवाइकांकडून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, चॅटमधून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. आवाजाच्या क्लिप चॅटमध्ये सोडू नका. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. हा सल्ला संगणकवाल्यांचा, पण तो खरा आहे.

या सगळ्या काळात मला शहाणपण शिकवणारे भेटलेच. कागदांत अडकू नकोस, सोडून द्यायला शीक. एके काळी जाणकारही असंच सांगत, की दुःख करणं म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं. १९१७ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने तसं मांडलं होतं. पण त्याची स्वतःची मुलगी सोफी १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाने गेली, आणि १९२९ मध्ये, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने एका मित्राला पत्रात लिहिलं की तीव्र दुःख ओसरतं पण समाधान कधी होत नाही, आणि तिची जागा दुसरं काही घेत नाही. पुढे १९९६ मध्ये शोकाचा अभ्यास करणाऱ्या डेनिस क्लासने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की गेलेल्यांशी नातं चालू राहतं आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. क्लासने मूल गमावलेल्या आईबापांबरोबर कित्येक वर्षं काम केलं होतं. मला हे वाचून बरं वाटलं, पण त्याआधीच मी चौथा हेलपाटा घालून आले होते.

कुणी विचारलं, किती मुलं, तर मी दोन सांगते. समोरचा पुढे विचारेल या भीतीने आधी अडखळायचे, आता नाही.

धाकटीला ती पहाटेची नोंद वाचून दाखवली. ती पाच वर्षांची आहे. तिने विचारलं, कुठली गोष्ट? नोंदीत लिहिलेलं नाही. खाली सही आहे, नुसती दोन आद्याक्षरं आणि एक शेपूट. त्या रात्री वॉर्डात कोण होतं ते ड्यूटीच्या रजिस्टरवरून कळेल असं त्या खिडकीतल्या मुलीने फोनवर सांगितलं, पण ते रजिस्टर दुसऱ्या विभागात असतं आणि बाहेरच्यांना दाखवत नाहीत. विनंतीचा अर्ज मात्र करता येतो. तो मागच्या सोमवारी आणला. त्यातही कारणाचा रकाना आहे, या वेळी चौकटी नाहीत, तीन रिकाम्या ओळी आहेत. पहिल्या ओळीवर मी लिहिलं आहे: गोष्ट कुठली होती ते विचारायचे आहे.