तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीत नाचणारी माणसं येतात कुठून, जातात कुठे

परवा क्लास सुटल्यावर चपला घालता घालता तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "ताई, ही म्हणते बारावीनंतर डान्स कंपनीत जायचंय. म्हणजे नक्की काय असतं ते? कोण माणसं असतात तिथे? आणि पुढे त्यांचं काय होतं?" पुढची बॅच दारात उभी होती, म्हणून मी "सावकाश सांगते" एवढंच म्हणाले. हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. पालक विचारतात, प्रयोगानंतर भेटायला आलेले विचारतात. या वेळी नीट लिहूनच काढते.

आधी 'कंपनी' हा शब्द. आपल्या पणजीच्या पिढीला कंपनी म्हटलं की नाटक कंपनीच आठवायची, बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारी, एका पंगतीत जेवणारी. डान्स कंपनी त्याच कुळातली. पाच-पंधरा नर्तक, नाच बसवणारा एक संचालक, एक लाइट्सवाला, आणि तिकिटं, तारखा, हिशेब सांभाळणारं एक माणूस. रोज सकाळी सगळ्यांचा एकत्र क्लास, मग दिवसभर तालीम. एक नवी निर्मिती उभी राहायला पाच-सहा महिने सहज जातात आणि प्रयोग मात्र कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतात. तुमची लेक ज्या कंटेम्पररी डान्सबद्दल बोलते त्यात एकाच शैलीचं व्याकरण धरून चालत नाहीत. कथक असो, कळरी ही केरळची युद्धकला असो, रस्त्यावरचं ब्रेकिंग असो, शरीराने जे काही शिकून ठेवलंय ते सगळं तिथे कामाला येतं.

म्हणूनच तिथली माणसं एका साच्यातली नसतात. मी साताऱ्याची. सातव्या वर्षापासून कथक, गांधर्वची विशारद आणि जोडीला बी.कॉम. बाविसाव्या वर्षी बंगळूरला कंटेम्पररीच्या डिप्लोमाला गेले तेव्हा आम्ही चौदा जण होतो. त्यात लहानपणापासून फक्त नाचच शिकलेले कितीजण, तर चार. बाकीच्यांत एक मणिपूरचा थांग-ता, म्हणजे तिथली तलवार-भाल्याची युद्धकला, करणारा, एक केरळातून कळरीपयट्टू शिकून आलेला, एक इंजिनिअर मुलगी, मुंबईचे दोन बी-बॉय, म्हणजे ब्रेकिंग करणारे, एक योग शिकवणारी. आणि दादरचा एक मल्लखांबवाला. त्याच्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण कंपनीत माणूस कसा घडतो ते मला त्याच्याकडे बघून कळलं.

पहिल्या आठवड्यात आम्हाला 'पडायला' शिकवत होते. उभं राहायचं, गुडघ्यातून सैल व्हायचं, मांडीच्या बाजूने, मग पाठीने फरशीवर यायचं. हा मुलगा पुरलेल्या खांबावर डोळे मिटून चढेल असा, पण त्याला पडता येईना. मल्लखांबावर निसटलं की गेलं. एरंडेल लावलेल्या त्या लाकडावर पंधरा वर्षं त्याच्या मांड्या, पोटऱ्या, काखा एकच गोष्ट शिकल्या होत्या, धरून ठेव. इथे पहिलाच धडा उलटा होता, सोड. जेवणाच्या सुट्टीत तो फरशीवर उताणा पडायचा आणि आमच्यापैकी कोणीतरी त्याचा हात उचलून सोडून द्यायचं. हात हवेतच राहायचा. आम्ही कितीही सांगितलं तरी तो हात खाली येत नसे. असे तीन महिने गेले. एका दुपारी इंजिनिअर मुलीने त्याचा हात उचलला, सोडला, आणि तो धप्पकन फरशीवर आदळला. तो स्वतःच दचकून उठून बसला. त्यानंतर त्याने मला जोडीच्या नाचात जे धरलं, तसं पुन्हा कोणी धरलं नाही. माझं सगळं वजन त्याच्या कमरेवर असायचं, पाय अधांतरी, आणि मला एकदाही भीती वाटली नाही. ज्याला सोडता आलं त्याचं धरणं वेगळं होतं, एवढंच मी सांगू शकते.

माझंही तेच झालं, उलट्या बाजूने. कथकात मी पाय जमिनीवर वाजवायला शिकले होते. तिथे कोणी म्हणालं, पायाने जमिनीत उतर, आवाज न करता. वर्षभर माझ्या टाचा ऐकत नव्हत्या. पण पुढे एका निर्मितीत बत्तीस चक्कर हवे होते आणि तोल न जाता ते मारणारी मी एकटीच होते. जे घेऊन येतो ते आधी आडवं येतं आणि मग तेच आपली ओळख होतं.

हे आजचंच आहे असं नाही. स्वतःची कंपनी घेऊन जगभर फिरलेले नर्तक उदय शंकर मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले होते. त्यांच्या कंपनीत 1935 साली आलेल्या जोहरा सहगल त्याआधी जर्मनीत, ड्रेस्डेनला, आधुनिक नर्तकी मेरी विगमन यांच्या शाळेत शिकून आल्या होत्या. पुढे पृथ्वी थिएटरमध्ये नटी म्हणून त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेला एक तरुण तिथून निघाला तो आपल्या पुण्यात, प्रभात स्टुडिओत, नाच बसवायच्या नोकरीला लागला. तो म्हणजे गुरुदत्त.

चंद्रलेखांचं नाव तुमच्या मुलीला जरूर सांगा. 1928 साली त्या आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा या गावी जन्मल्या, आज ते पालघर जिल्ह्यात येतं. कायद्याचं शिक्षण सोडून मद्रासला भरतनाट्यम शिकायला गेल्या, नाव झालं, मग स्वतःच थांबल्या आणि कित्येक वर्षं पोस्टर, लेखन, स्त्री-चळवळ यांत रमल्या. 1985 मध्ये 'अंगिका' ही निर्मिती घेऊन परत आल्या तेव्हा भरतनाट्यमच्या नर्तकी आणि कळरीचे लढवय्ये एका रंगमंचावर होते. पद्मिनी चेट्टूर रसायनशास्त्र शिकलेल्या. त्या चंद्रलेखांकडे दहा वर्षं नाचल्या आणि आज स्वतः भारतातल्या महत्त्वाच्या कोरिओग्राफर आहेत. चंद्रलेखांच्याच 2001 च्या 'शरीर'मध्ये नाचल्या तिशानी दोशी, ज्या कवयित्री आहेत. पंचविशी ओलांडल्यावर पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहिल्या, कळरी शिकलेल्या शाजी जॉन यांच्याबरोबर, आणि ते काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. "तिसऱ्या वर्षी सुरू केलं नाही तर उशीर झाला" असं तुम्हाला कोणी सांगितलं तर हे नाव सांगा.

आणि अस्ताद देबू. पोदार कॉलेजात कॉमर्स शिकलेला पारशी मुलगा, लहानपणी कथक शिकलेला. 1969 मध्ये मालवाहू जहाजाने मुंबई सोडली, लिफ्ट मागत मागत देश ओलांडले, लंडनला अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं तंत्र शिकला आणि परत येऊन केरळात कथकली. पुढे कर्णबधिर मुलांबरोबर, मणिपूरचा पुंग हा ढोल वाजवणाऱ्यांबरोबर, दिल्लीतल्या रस्त्यावर वाढलेल्या पोरांबरोबर काम करत राहिला. मी त्याला अरेतुरे करते कारण मनातल्या मनात तसंच म्हणत आलेय. 2020 च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. सत्तरीत पाऊल टाकल्यावरही तो रंगमंचावर चक्कर घेत होता, इतकी संथ की प्रेक्षागृहात कोणी खोकतही नसे.

आपल्या मुंबईची अलीकडची गोष्ट म्हणजे वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीवाल्याचा मुलगा मनीष चौहान. दोघांना येहुदा माओर या परदेशी शिक्षकाने बॅले शिकवला आणि 2017 मध्ये अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. ही गोष्ट खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण पालकांना मी ती सांगते तेव्हा लगेच पुढचंही सांगते, की बहुतेकांच्या वाट्याला लंडन येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला येते ती रोजची तालीम आणि महिनाअखेर.

तर पैसे. हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तुमच्या चेहऱ्यावर होतं. तमाशाच्या फडात नाचणारीला हंगामाआधी मालकाकडून उचल मिळते. दसऱ्याला फड बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेपर्यंत, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्या उचलीने कितीतरी कलावंतांची आयुष्यं कर्जात अडकवली, ते मी विसरत नाही. पण निदान हंगाम किती दिवसांचा आणि हातात काय येणार, हे तिला घरातून निघताना माहीत असतं. आमच्या कंपन्यांत दरमहा पगार देणाऱ्या थोड्या. बाकीचं काम निर्मितीपुरतं, प्रयोगामागे मानधन. तालमीच्या दिवसांचे पैसे कोणी देतं, कोणी देत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत महिन्याला बारा हजार ठरले होते आणि तेही दोन-दोन महिने थकायचे. मग संध्याकाळी लहान मुलांचे क्लास, नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नांच्या संगीताचे नाच बसवणं, अधूनमधून एखादी जाहिरात. लग्नांच्या कामाला नाकं मुरडणारे असतात. मला त्या कामाने भाडं दिलं आणि न नाचणाऱ्या माणसाला नाचतं कसं करायचं हे शिकवलं.

एकोणतिसाव्या वर्षी तालमीत उडी घेऊन उतरताना माझा डावा गुडघा आत वळला. लिगामेंट तुटलं. त्या वेळी मी दुसऱ्या एका कंपनीत होते. दोन महिन्यांत माझ्या जागी दुसरी मुलगी आली. प्रयोग थांबत नाहीत, ते मला मान्य आहे. पण ऑपरेशनच्या बिलात त्यांनी एक रुपया घातला नाही, विमा काढलेला नव्हता, आणि हे मला आजही मान्य नाही. बाबांनी पीएफमधून पैसे काढले. मी दहा महिन्यांनी परत नाचले, आणखी तीन वर्षं, आणि मग स्वतःहून थांबले.

आणि पुढे काय होतं, तर आमच्या चौदा जणांचं सांगते. मल्लखांबवाला आता नटांना शरीराचं काम शिकवतो. दोन बी-बॉयपैकी एक लाइट डिझाइन करतो. आठ वर्षं प्रकाशात उभं राहिल्यावर तो कुठून यावा हे त्याला न सांगता कळतं. कळरीवाल्याने गावी स्वतःची कळरी, म्हणजे त्या विद्येचा आखाडा, काढली. इंजिनिअर मुलगी परत सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि आनंदात आहे, शनिवारी-रविवारी नाचते. योग शिकवणारी डान्स मूव्हमेंट थेरपी शिकली आणि आता दवाखान्यात काम करते. मणिपूरचा मुलगा स्वतःच्या निर्मिती करतो. तिघांशी संपर्क राहिला नाही. बाकीचे कुठे ना कुठे नाचताहेत किंवा शिकवताहेत, माझ्यासारखे. पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग घेतात, ते एकदा जाऊन बघा. तेही ड्रेस्डेनलाच शिकले, पालुका यांच्या शाळेत, आणि पालुका या मेरी विगमनच्याच शिष्या. जोहराबाईंची वाट अशी फिरून पुण्यात, हात थरथरणाऱ्या आजोबांपर्यंत पोचली, याचं मला फार अप्रूप आहे.

तुमच्या मुलीला जाऊ द्या, असं मी म्हणेन. पण पदवी सोबत चालू ठेवू द्या. आणि कुठल्याही कंपनीत सही करण्याआधी तिने तीन प्रश्न विचारायचे. तालमीच्या दिवसांचे पैसे मिळतात का? विमा आहे का? दुखापत झाली तर जागा किती दिवस राखून ठेवाल? हे विचारणारी मुलगी कोणाला उद्धट वाटली तर ती कंपनी तिची नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आमचा प्रयोग आहे, संध्याकाळी सातला. तिला सकाळी नऊलाच पाठवा, जमलं तर तुम्हीही या. तेव्हा आम्ही फ्लोअर टाकतो. नाट्यगृहाच्या स्टेजवर सेट ठोकतानाचे खिळे राहिलेले असतात, म्हणून आधी झाडून मग गुडघ्यावर बसून तळहाताने सगळं स्टेज चाचपायचं. मग काळ्या मार्लीचे, म्हणजे नाचासाठी अंथरायच्या व्हिनाइलचे, जड रोल दोघा-दोघांनी उचलून आणायचे, उलगडायचे आणि सपाट होईपर्यंत तसेच राहू द्यायचे. शेवटी दोन पट्ट्यांच्या सांध्यावर टेप, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे तळहाताच्या टाचेने दाबत न्यायची, कारण खाली हवेचा एक फुगा राहिला तरी कोणाचा तरी अंगठा त्यात अडकतो. हे काम नर्तकच करतात. सांगताना मी तिला एक पट्टी देईन. येताना जुने कपडे घालून या म्हणावं, आणि नखं कापून.