‘खात्याची पडताळणी करा’ असा मेल आला तेव्हा

आम्ही दोघी जावा कराडजवळच्या आमच्या गावातून वाकळा विकतो. आसपासच्या बायका जुन्या सुती लुगड्यांच्या वाकळा शिवतात आणि आम्ही त्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर लावतो. पाऊस ओसरला की मागणी चढते ती थंडी संपेपर्यंत. याच दिवसांत खोटे मेलही वाढतात. पार्सलं बांधायच्या धांदलीत असलेला माणूस मेल नीट वाचत नाही, हे पाठवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तो मेल दिवाळीच्या आधी आला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, ‘जीएसटी तपशील जुळत नाहीत, 24 तासांत खाते स्थगित होईल’. आत बाजारपेठेचा लोगो, तोच रंग, तळाशी तशीच बारीक अक्षरं. आमच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक, सगळं बरोबर. खाली एक बटण. ऑर्डरींचं काम माझी धाकटी जाऊ बघते. तिने बटण दाबून पासवर्ड टाकला. पुढच्या पानाने ओटीपी मागितला आणि त्याच क्षणी तिच्या फोनवर ओटीपी आलाही, म्हणून तिने तोही भरला. ‘धन्यवाद, 48 तास थांबा’ असं दिसलं आणि ती कामाला लागली. संध्याकाळी पार्सलांवर लेबलं लावताना म्हणाली, “ताई, जीएसटीचं ते काम उरकलं हं मी.”

“कुठलं गं काम?”

तिने मेल दाखवला. तिला मी एका शब्दाने बोलले नाही. तुमच्या घरात असं घडलं तर तुम्हीही बोलू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. ओरडा बसेल या भीतीने माणूस गप्प राहतो आणि चोराला हवा असतो तो वेळ आपणच त्याला देतो. जाऊ सहजपणे बोलली म्हणून आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं.

सगळ्यात आधी मी मेल बाजूला ठेवला आणि फोनमधल्या अॅपमधून खात्यात शिरले. पासवर्ड बदलला आणि ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्याय दाबला. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नसतं, आधी आत शिरलेला माणूस काही ठिकाणी आतच राहतो. मग पेमेंटचं पान उघडलं. आमच्या बँक खात्याच्या जागी दुसरंच खातं होतं. आठवड्याचं पेमेंट अजून निघायचं होतं. तेवढ्या काळात हे लक्षात आलं नसतं, तर बायकांच्या शिलाईचे पैसे परस्पर भलत्याच खात्यात जमा झाले असते.

ओटीपी असताना हे झालं कसं, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर साधं आहे. खोट्या पानावर आपण पासवर्ड टाकतो तेव्हा पलीकडचा माणूस किंवा त्याचा प्रोग्राम तो लगेच खऱ्या साइटवर टाकतो. म्हणून ओटीपी येतो तो खराच असतो, खऱ्या साइटनेच पाठवलेला. तो आपण खोट्या पानावर भरला की चोर खऱ्या दारातून आत जातो.

पण बँक खातं बदलल्याची सूचना मेलवर यायला हवी होती, ती आली का नाही? जावेने दुकानाच्या मेलला आणि बाजारपेठेवरच्या विक्रेता खात्याला एकच पासवर्ड ठेवला होता, म्हणजे चोर मेलमध्येही शिरला होता. मेलच्या सेटिंगमध्ये गेल्यावर एक नवा फिल्टर सापडला: बाजारपेठेकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात. सूचना तिथे पडून होती. फिल्टर काढला, मेल दुसरीकडे फॉरवर्ड होत नाही ना ते पाहिलं, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आमचाच आहे ना तेही पाहिलं. ज्यांच्या बाबतीत असं घडलंय त्यांनी ही जागा तपासल्याशिवाय उठू नये. तिथे फारसं कुणी बघत नाही.

बाजारपेठेच्या मदत विभागाशी अॅपमधूनच बोललो. मेलमध्ये एक ‘हेल्पलाइन’ नंबर होता, तो अर्थातच चोरांचाच माणूस उचलणार. गूगलवर शोधून मिळालेला कस्टमर केअर नंबरही वापरू नका. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

पैसे गेले असते तर पहिला फोन 1930 ला केला असता. आर्थिक फसवणुकीसाठी देशभर हा एकच नंबर आहे. तक्रार जितकी लवकर होईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. फोन करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि रक्कम हाताशी असू द्या. त्याच वेळी बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलं आहे की ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे उशिराचा प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. आमचे पैसे गेले नव्हते, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. मोबाइल नंबरवर नोंदणी होते, घटना लिहायची, पुरावे जोडायचे, आणि पोचक्रमांक मिळतो. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या आधारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे वाचले म्हणून गुन्हा घडलाच नाही असं होत नाही.

रात्री मी तो मेल संगणकावर नीट वाचायला घेतला.

आमचा जीएसटी क्रमांक चोरांकडे कसा आला याचं गूढ नव्हतंच. तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव आणि पत्ता ग्राहकाला दिसेल असा ठेवावाच लागतो, आणि ग्राहकाच्या बाजूने तो नियम योग्यच आहे. त्यामुळे मेलमध्ये आपली खरी माहिती आहे, एवढ्यावरून मेल खरा ठरत नाही.

भाषाही शुद्ध होती. पूर्वी चुकीच्या इंग्रजीवरून असे मेल ओळखू यायचे, आता तो काळ गेला. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारचं कुलूप बघणं तर मी कधीच सोडून दिलंय. त्यामागचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, चोरही घेतो. कुलुपाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. साइट कुणाची आहे हे त्यावरून कळत नाही. क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

खरी खूण लिंकच्या पत्त्यात होती. संगणकावर बटणावर नुसता माउस नेला की पत्ता खाली दिसतो, फोनवर बोट दाबून धरावं लागतं. पत्ता वाचायचा तो सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीच्या भागात, उजवीकडून डावीकडे. समजा, ‘आमचाबाजार डॉट इन डॉट तपासणी डॉट शॉप’ असं लिहिलं आहे. डावीकडून वाचणाऱ्याला ओळखीचं नाव आधी दिसतं आणि तो निवांत होतो. पण मालक उजवीकडे असतो, ही साइट ‘तपासणी डॉट शॉप’ची. आमच्या मेलमधला पत्ता असाच रचलेला होता.

जीमेलमध्ये संगणकावर तीन ठिपक्यांखाली ‘मूळ दाखवा’ असा पर्याय आहे. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएम या मेल पाठवणाऱ्याच्या दोन तपासण्यांपुढे ‘पास’ होतं, ते पाहून मी क्षणभर गोंधळले. नंतर कळलं की हा मेल त्या अमुक डोमेनवरूनच, म्हणजे पत्त्यातल्या त्या नोंदवलेल्या नावावरूनच आला, इतकंच ते सांगतं. चोराने स्वतःचं डोमेन घेऊन रीतसर मांडणी केली असेल, तर तोही पास होतो. डोमेन कुणाचं, हे आपल्यालाच बघावं लागतं.

विक्रेत्यांना अजून एक प्रकार फार येतो, ‘मोठी ऑर्डर आहे, नमुने जोडलेल्या झिपमध्ये पाहा’. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबापुढची फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, मुळात लपवलेलं असतं, त्यामुळे ‘पीडीएफ’ दिसणारी फाइल खरं तर चालणारा प्रोग्राम असू शकते. आम्ही ते शेपूट दिसेल अशी सेटिंग केली. आणि अशा गिऱ्हाइकाला सांगतो, फोटो बाजारपेठेच्या चॅटमध्येच पाठवा. खरा गिऱ्हाईक पाठवतो. क्यूआर स्कॅन करून ‘पैसे घ्या’ म्हणणारेही भेटतात. यूपीआयवर पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे आमच्या शिवणाऱ्या बायकांनाही आता तोंडपाठ आहे.

आम्ही नंतर दुकानासाठी वेगळा मेल पत्ता घेतला, तो कुठेही छापत नाही. सगळे पासवर्ड ‘पासवर्ड मॅनेजर’ या ते जपून ठेवणाऱ्या अॅपमध्ये ठेवले. त्याचा मोठा फायदा असा की खोट्या पत्त्यावर तो स्वतःहून पासवर्ड भरत नाही. एरवी आपोआप भरली जाणारी पासवर्डची चौकट रिकामी दिसली, की जाऊ तिथेच थांबते. मेलला पासकी लावली, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली. ती ज्या साइटसाठी बनते तिथेच चालते, खोट्या पानावर द्यायची म्हटली तरी देता येत नाही. ओटीपीपेक्षा मला ती कितीतरी भरवशाची वाटते.

काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला, मेल आहे का म्हणून. स्क्रीनशॉट चालणार नव्हता, कारण मेल कुठून कसा आला याच्या ओळी त्यात नसतात. जाऊ संतापाने तो मेल पुसायला निघाली होती, तेव्हा मीच थांबवलं होतं. ‘मूळ दाखवा’च्याच पानावरून फाइल उतरवून घेतली, पोचक्रमांकासह ठाण्यात नेऊन दिली आणि पोच घेतली.