एवढी जागा मोकळी का सोडता?

लातूरच्या गंजगोलाईजवळ, म्हणजे शहरातल्या गोल बाजारपेठेजवळ, माझं फ्लेक्सचं दुकान आहे. फ्लेक्सचं डिझाईन स्क्रीनवर उघडलं की गिऱ्हाईक डावीकडच्या रिकाम्या भागावर बोट ठेवतं आणि म्हणतं, ‘‘एवढी जागा मोकळी कामून सोडलाव? पैसे तर सगळ्या फुटाचे घेतलाव की!’’

प्रश्न चुकीचा नाही, हे आधीच कबूल करतो. फ्लेक्स चौरस फुटावर विकला जातो. दहा बाय वीसच्या बोर्डात साठ फूट कोरे असतील तर त्या कोऱ्या साठ फुटांचे पैसे त्यानेच मोजलेत. अडीच मीटर कापडाचे पैसे घेऊन पावणेदोन मीटर हातात ठेवल्यासारखं त्याला वाटतं. पंधरा वर्षं मी याचं उत्तर देतोय. कधी हसून दिलं, कधी चिडून, आणि दोनदा गिऱ्हाईक घालवून. आता लिहूनच ठेवतो.

सुरुवातीला माझं उत्तर पाठ होतं. औरंगाबादला उपयोजित कला शिकलेला, पुण्यात जाहिरातीच्या कामात चार वर्षं काढून परत आलेला मी. गोलाईचाच दाखला द्यायचो. सोळा रस्ते येऊन मिळतात, पण मध्ये देवीचं देऊळ आहे म्हणून ती गोलाई. नाहीतर नुसती सोळा रस्त्यांची गर्दी झाली असती. मग अक्षरांचं सांगायचो. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्त्यापलीकडून, शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंच. त्यात आपल्या लिपीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षराला पांढरी जाड आउटलाइन, तिच्यावर लाल, मग सावली, एवढं झालं की ‘ध’ आणि ‘घ’ लांबून सारखेच.

यातलं एक अक्षरही मी आज मागे घेणार नाही. पण तेव्हा मी हे समजावत नव्हतो, सुनावत होतो. क्लासवाल्यांच्या जाहिरातींना तर मी मित्रांत बसून हसायचो. ‘नीट’ परीक्षेचे ७२० पैकी गुण आणि तिकिटाएवढे शे-दीडशे फोटो. संध्याकाळी त्याच बोर्डाखाली एखादा बाप पोरीला घेऊन उभा असायचा, बोट फिरवत फिरवत तिचा फोटो शोधायचा. ते मला दिसत होतं. पण ते डिझाईनच्या हिशेबात धरायचं असतं, असं कधी वाटलं नाही.

मग २०१९चा डिसेंबर आला.

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला डाळमिल टाकायची होती. अध्यक्ष एक ताई होत्या. बँकेत सादरीकरण करायचं म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. फ्लेक्स सोडून पहिल्यांदा असं काम आलेलं, मी हरखून गेलो. ताई एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. कव्हरवर पोराचं नाव आणि ‘भूगोल’, आत सगळा मिलचा हिशेब. कोणत्या गावातून किती तूर येणार, शंभर किलोतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ सुटली तर चुनी-भुसा किती, तो कोण घेणार. आणि मधल्या दोन पानांवर पट्टीने आखलेला, बारा महिन्यांचा तक्ता.

ताई म्हणाल्या, ‘‘दादा, ह्ये महिन्याचं पान तेवढं घ्या. साहेब ह्येच इचारतेत.’’

मी म्हणालो, ‘‘ताई, एवढं बारीक पडद्यावर कोण वाचतंय? ते तुम्ही तोंडी सांगा.’’

त्यांनी आणखी एकदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज खाली आला होता, हे मला आत्ता आठवतं. मी त्यांना माझ्या नऊ स्लाइड दाखवल्या. काळी माती, त्यावर एका कोपऱ्यात तुरीची एक शेंग. पिवळ्याधमक डाळीचा जवळून घेतलेला फोटो, वर दोनच शब्द: ‘शिवारातून ताटात’. बाकी सगळं मोकळं. सोबत आलेले संचालक म्हणाले, ‘‘टीव्हीवानी दिसायलंय.’’ मला तेच हवं होतं.

बँकेत मी लॅपटॉप घेऊन सोबत गेलो. अधिकारी सभ्य होते. नऊही स्लाइड शांतपणे पाहिल्या आणि मग एकच प्रश्न विचारला. तूर बाजारात येणार डिसेंबर ते मार्च. मिल वर्षभर चालवायची तर माल तेव्हाच घेऊन ठेवावा लागणार. सभासदाला पैसे लगेच द्यायचे, डाळीचे पैसे मात्र हळूहळू येणार. मधल्या महिन्यांचं खेळतं भांडवल किती आणि ते कुठून?

ताईंनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर डाळ होती. ‘शिवारातून ताटात’. त्यांनी पिशवीत हात घातला, मग दुसऱ्या पिशवीत. वही माझ्या दुकानात, टेबलावर राहिली होती; फोटो नीट यावा म्हणून मीच ती बाजूला सरकवली होती. त्यांनी तोंडी सांगायला सुरुवात केली. जून सांगितला, मग ‘‘नाही, थांबा’’ म्हणून मार्चवर आल्या, आकडा चुकला, तो संचालकांनी दुरुस्त केला, तोही चुकला. ज्या बाईने तो तक्ता स्वतःच्या हाताने आखला होता तिला तो येत नाही, असं त्या खोलीत दिसत होतं. मी रिमोट हातात घेऊन उभा. पुढची स्लाइड ‘धन्यवाद’ होती.

‘‘तयारी करून परत या,’’ अधिकारी म्हणाले. त्या हंगामाची तूर अडतीवर गेली.

परतीला जीपमध्ये कुणी मला काही बोललं नाही. वही न्यायला ताई दुकानात आल्या, तिथेही नाही. वही पिशवीत घातली आणि विचारलं, ‘‘तुमचे राहिलेले किती द्यायचे?’’ मी नको म्हणालो. त्यांनी काचेवर ठेवले आणि गेल्या.

माझ्या बाजूने बोलायचं तर ते सादरीकरण कुणी वाईट म्हणालं नाही. रंग जुळलेले, अक्षर सुबक, फोटो स्वतः काढलेले. पण वाईट असतं तर कुणीतरी अडवलं असतं. सुबक होतं म्हणून मध्ये कुणी बोललं नाही. सुमार काम म्हणजे भडक, ठासून भरलेलं, असं मी दहा वर्षं लोकांना सांगत होतो, आणि माझं सगळ्यात सुमार काम हे निघालं.

पुढे कधीतरी कोलंबिया यानाबद्दल वाचलं. १ फेब्रुवारी २००३ला ते परतताना फुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान अजून वर असताना, त्याने किती इजा झाली असेल यावर नासात सादरीकरण झालं. त्यातल्या एका स्लाइडवर चौकशी मंडळाने आपल्या अहवालात बोट ठेवलं आहे. मथळा धीर देणारा, खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे. आणि अगदी तळाच्या ओळीत: ज्या चाचणीवरून अंदाज बांधला तिच्यातला तुकडा ३ घनइंच, प्रत्यक्षातला अंदाजे १९२०. म्हणजे ६४० पट. मथळ्यात जायला हवा होता तो आकडा तळाशी बसला.

माझी गोष्ट त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, जीप आणि अडतीवर गेलेली तूर एवढीच. पण ती स्लाइड गच्च भरलेली होती आणि माझी रिकामी, हे डोक्यातून जात नाही. त्यांनी आकडा गर्दीत हरवला, मी मोकळ्या जागेत. दोन्हीकडे विचारणाऱ्याला काय हवंय, ते कुणी ठरवलंच नव्हतं.

यानंतर मी शहाणा झालो असं समजू नका. वर्षभर घाबरून जे येईल ते छापलं. एका कृषी सेवा केंद्राच्या बोर्डावर चौतीस कंपन्यांची नावं घातली, मालक खूश. बोर्डावर दुकान कुठल्या गल्लीत आहे तेवढंच लिहायचं राहून गेलं.

आणि हो, वाढदिवसाचे फ्लेक्स मी करतो. तयार फाईल आहे, फोटो बदलतो, शुभेच्छुकांची रांग लावतो. दोन पोरांचे पगार त्यातून निघतात. यावर कुणी मला सौंदर्यदृष्टी शिकवायला येऊ नये.

ताई पुढच्या वर्षी परत आल्या. तीच वही, कव्हर निघालेलं. या वेळी त्यांनी विचारलं नाही, सांगितलं: ‘‘फक्त ह्ये पान. मोठ्या अक्षरात.’’ मी एकच कागद केला. बारा ओळी, तीन रकाने आणि ज्या चार महिन्यांत पैसा अडकतो त्या ओळी ठळक. त्या चार ओळींच्या वर-खाली बोटभर जागा मोकळी सोडली. ताई त्या जागेकडे बघत राहिल्या, पण काही बोलल्या नाहीत. कर्ज मंजूर झालं. कागदामुळे झालं की अधिकारी बदलले होते म्हणून, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून: मी जागा मोकळी सोडतो, कारण बाजूचं वाचलं जावं. कधी त्यासाठी सोडतो आणि कधी नुसती देखणी दिसते म्हणून. दुसरं केलं की पहिलं केल्याचंच सांगतो. ओळखायचं कसं, तर मी आता गिऱ्हाइकाला विचारतो, हा बोर्ड बघून माणसाने तुम्हाला फोन केला तर तो पहिल्यांदा काय विचारेल? उत्तर आलं की ते मोठं करतो. पुष्कळदा उत्तर येतच नाही. ‘‘तुम्हीच करा ना काहीतरी भारी,’’ असं म्हणतात.

गेल्या आठवड्यात एका रसवंतीवाल्याचा बोर्ड दिला. भाव, लिंबू-आल्याचा रस, बर्फ शुद्ध पाण्याचा. उजवीकडचे चार फूट मोकळे. काल तिथून जाताना पाहिलं, त्या चार फुटांत त्याने भाच्याचा फोटो चिकटवलाय, फेटा बांधलेला. गाडी थांबवून, रस्त्यापलीकडून बघितलं. भाव दिसत होता. भाचाही काही वाईट दिसत नव्हता.